दोऱ्याच्या शेवटच्या पाच गाठी

माय, तुला लिहायला फार उशीर झाला, त्याची आधीच माफी मागतो. तू गेल्याला चाळीस वर्षं होत आली. या चाळीस वर्षांत मी कितीदा तरी वही उघडली, ‘माय’ एवढंच लिहिलं आणि वही मिटून ठेवली. तुला वाचता येत नव्हतं, मग लिहून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगत आलो. मामाचं पत्र आलं की तू पदराला हात पुसून माझ्यासमोर बसायचीस आणि मी वाचून दाखवायचो. चौथी पास झालेला, आपल्या गल्लीतला वाचणारा माणूस मी. पण तुला एक माहीत नव्हतं. मामाच्या पत्रात वाईट बातमी असली की मी ती गाळायचो. गाय मेली असेल तर आजारी आहे म्हणायचो. तू कागदाकडे कधी पाहिलंच नाहीस, माझ्या तोंडाकडे पाहायचीस. माझ्या तोंडावर तुझा एवढा विश्वास होता, आणि त्याच तोंडाने मी तुझा घात केला. ते सांगायलाच आज बसलो आहे.

आधी घरचं सांगतो. माझी पोर माझ्याजवळच राहते. तू तिला बारा-तेरा वर्षांची पाहिली होतीस, आता तिच्या केसांत पांढरं आलं. तिची पोरगी, म्हणजे माझी नात, तिला तू पाहिलंच नाहीस. तिला पारशिवनीला दिली. तिला दिवस गेले आहेत, तिसरा महिना चालू आहे, आणि तिथे पाण्याचा घोटही पोटात ठरेना, म्हणून मागल्या सोमवारी तिला इकडे आणली. माग तर मी केव्हाच विकला. मागाचा खड्डा बुजवून वर फरशी टाकली, आणि बरोबर त्या जागेवर तिची खाट आहे. सकाळी ती खाटेवरून वाकते आणि तिचा तो आवाज येतो. पोटात काही नसताना पोट उलटून येतं, तसा कोरडा आवाज. पहिल्या दिवशी तो ऐकला आणि मी हातातला चहा न पिताच खाली ठेवला. पोर म्हणाली, “काय झालं बाबा? तुमची तब्येत बरी नाही काय?” मी म्हटलं, काही नाही. मला तर पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज आला होता.

तुझ्या सुनेचा. तुला आठवतं ना, त्या वर्षी पोळ्याच्या आधी नागपुरी लुगड्यांचं मोठं काम आपल्याकडे आलं होतं. मी सकाळी दारासमोर ताण्याचं उभं सूत पसरायचो, तू कुंचा घेऊन त्याला खळ लावायचीस. ती आंबलेल्या पिठाची खळ. मला आणि तुला तिचा वास कधी आलाच नाही, जन्मापासून नाकात बसलेला. पण तिला दिवस गेले आणि खळीचं मडकं उघडलं की ती मागच्या अंगणात पळायची. आधी सकाळीच, मग दिवसभर. पोरीच्या वेळी असं काही झालं नव्हतं आणि मधली दोन पोटातच गेलेली, म्हणून या वेळी सगळ्यांच्या जिवाला घोर होता. तरी ती चरख्याशी बसून सुताच्या कांड्या भरायची, आणि शेजारी गमेलं ठेवलेलं. मी खड्ड्यात पाय सोडून धोटा मारतो आहे आणि ती म्हणते आहे, “तुमचं लेकरू मले आतून उलटं टांगून राहिलं जी. बाहेर येऊ द्या त्याले, मंग मी पाहतो त्याच्याकडे.” तू हसतेस. मीही हसतो. हसण्याचे ते शेवटचे आठ-दहा दिवस.

तूच म्हणालीस, “दोन महिन्याची उलटी साधी नसते गा. चाल, धरमपेठेतल्या डाक्टरीणबाईले दाखवू.” मी म्हटलं, काम निघू दे, चार दिवस थांब. तू कुंचा खाली ठेवलास. “लुगडं थांबते. पोरगी नाही थांबत.” मग सायकलरिक्षात तुम्ही दोघी आणि मागून सायकलवर मी. डॉक्टरीणबाईंनी तिची जीभ पाहिली, मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. त्यांनी मला विचारलं, लघवी दिवसातून किती वेळा होते? मी खाली पाहायला लागलो. तेव्हा त्या बाकावरच्या सगळ्या बायकांसमोर मला म्हणाल्या, “विणकर ना तुम्ही? कापड विरलेलं बरोबर दिसतं तुम्हाला. घरातलं माणूस विरत चाललं ते नाही दिसत?” माझे कान तापले. पुढचं त्या काय बोलल्या ते मी धड ऐकलं नाही. तू ऐकलंस. पांढऱ्या लहान गोळ्या, एक सकाळी, एक रात्री. उठायच्या आधी काहीतरी कोरडं खायचं. पाणी घोट घोट. आणि पाणीसुद्धा ठरलं नाही तर त्याच दिवशी आणायचं, वाट पाहायची नाही. एवढं सगळं तू पाठ करून आलीस.

तुला अक्षर येत नव्हतं, पण तुझा हिशेब कधी चुकला नाही. मागावर किती हात झाले, पोर कधी जन्मली, सगळं तुझ्या गाठींत. तू सुताचा एक लाल दोरा घेतलास. सकाळच्या गोळीला एक गाठ, रात्रीच्या गोळीला जोडगाठ. पाचव्या दिवशी तिने भाकर मागितली आणि वर ठेचा मागितला. तू म्हणालीस, “ठेचा नाही भेटत वं, दुधात कुस्करून खाय.” ती म्हणाली, “मंग तुमच्या पोरालेच घाला दूधभाकर, मले ठेचाच पायजे.” तिने तो खाल्ला, आणि तो पोटात राहिला. गल्लीतल्या बायका पाहायला आल्या, जणू काय नवल झालं.

मग मी एक दिवस सूत आणायला गेलो. दुकानात गर्दी होती, म्हणून पायरीवर बसलो. तिथे पडलेला पेपर उचलला. उचलला नसता तर! किती वेळा मनात येतं. त्यात आलं होतं की परदेशात गरोदर बायांना उलटीवर, झोपेवर एक गोळी देत होते, आणि ती खाल्लेल्या बायांना हात नसलेली, पाय नसलेली लेकरं झाली. गोळीचं नाव मराठीत छापलं होतं, लांबलचक, जीभ वळेना असं. मी ते घोकत घोकत घरी आलो. गोळ्यांच्या पुडीवर काहीच नव्हतं, आणि बाईंच्या चिठ्ठीवर होतं ते इंग्रजी. एबीसीडी मला येत नव्हती. नावाशी नाव ताडून पाहायचं कसं? कोणाला विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. दोन गल्ल्या सोडून मास्तर राहत होते. पण गल्लीतला वाचणारा माणूस मी होतो ना. मी कोणाला विचारायला कसा जाणार?

मी पुडी उचलली आणि मागच्या संडासात टाकली. तू धावत आलीस. “काहून फेकलं? बरं वाटून राहिलं होतं तिले!” मी तुला पेपरातलं सांगितलं. तू म्हणालीस, “पेपरवाल्यानं आपली सून पाहिली काय? डाक्टरीणबाईनं पाहिली. तिले विचारून ये. ते म्हणन तसं करू.” मी सायकल काढली.

माय, मी धरमपेठेला गेलो होतो हे खरं आहे. दवाखान्यासमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे मी उभा राहिलो. आत बाकावर बायका बसलेल्या दिसत होत्या. बाईंचा आवाज बाहेर येत होता, कोणाला तरी रागावत होत्या. मी काय बोलणार? तुमची गोळी विष आहे काय, असं विचारणार? त्या म्हणतील, कोणी सांगितलं? मी म्हणेन, मी वाचलं. त्या म्हणतील, काय शिकलात? दुकानदाराने विचारलं, “पंक्चर हाय काय, भाऊ?” मी नसताना हो म्हटलं. त्याने ट्यूब काढली, पाण्यात बुडवून पाहिली, म्हणाला, काहीच नाही. मी ट्यूब परत बसवून घेतली आणि घरी आलो. आत गेलोच नाही. तू दारातच बसली होतीस. “काय म्हणे?” मी म्हटलं, “बंद करा म्हणाल्या.” तू विचारलंस, “तिच्याच तोंडानं?” मी म्हटलं, “हो.”

तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मामाच्या पत्राच्या वेळी पाहायचीस तसंच. आणि मानलंस.

आठ दिवसांत ती परत होती तिथे आली. मी लिंबू आणलं, आवळा आणला, संत्र्याचं साल हुंगायला दिलं, खळीचं मडकं शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवलं. एवढं सगळं मी केलं, माय. जे करायचं ते सोडून सगळं केलं. एकदा ती म्हणाली, “त्या पांढऱ्या गोळीनं मले बरं वाटत होतं जी. एक तरी द्या.” मी म्हटलं, “लेकरू लुळं पायजे काय तुले?” तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तिने काहीच मागितलं नाही, पाणीसुद्धा नाही. पाणी ठरत नव्हतं. पाणी ठरलं नाही तर त्याच दिवशी आणा, हे बाईंचं बोलणं तुला पाठ होतं. तू रोज मला म्हणायचीस आणि मी म्हणायचो, “बाईंनीच बंद करा म्हटलं, आता त्या दुसरं काय देणार?” एक खोटं सांभाळायला मी रोज दुसरं बोलत होतो. तिला घेऊन गेलो असतो तर बाईंनी पहिल्या वाक्यातच मला उघडं पाडलं असतं. त्याची मला भीती होती. ती मरेल याची भीती नव्हती, कारण असं कोणी मरतं हे मला खरंच वाटत नव्हतं.

एका सकाळी ती उठली आणि मागाच्या खांबाला धडकली. म्हणाली, “खांब दोन झाले काय आपले?” तिला एकाचे दोन दिसत होते. पाय तिरपे पडत होते. पोरीला तिने दुसऱ्याच नावाने हाक मारली. तेव्हा रिक्षा आणली, सरकारी दवाखान्यात नेली. तिथे सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, औषध काही चालू होतं काय? मी म्हटलं, नाही. तू माझ्या मागे उभी होतीस आणि तुझा चेहरा मी पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. लेकरू पोटातच.

त्यानंतर तू मला दोनदा म्हणालीस की मला एकदा धरमपेठेला ने, त्या बाईला मला काही विचारायचं आहे. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, त्या बाई आता नागपूर सोडून गेल्या. गेल्या नव्हत्या. त्यांची पाटी मी पुढे कितीतरी वर्षं पाहत होतो, रस्त्याच्या पलीकडून.

तू काय विचारणार होतीस ते मला पाच वर्षांनी कळलं. तू खाटेवर होतीस, उन्हाळा होता, दुपार होती, मी तुझ्या उशाशी पाण्याने फडकं भिजवत होतो. तू एकदम नीट बोललीस. “बाबू, मीच मारली तिले.” मी म्हटलं, काहीबाही बोलू नको. तू म्हणालीस, “डाक्टरीणबाईनं बंद कर म्हटलं होतं ना. मी पाच गोळ्या चंचीत ठेवल्या होत्या. तू फेकल्या त्याच्यातल्या नव्हत्या त्या, आधीच काढून ठेवल्या होत्या. तिची हालत पाहवली नाही मले. चोरून दिल्या. पाच. शेवटची दिली आन् दोन दिवसानं तिले एकाचे दोन दिसाले लागले.” मग तू माझा हात धरलास. “पाचच दिल्या गा मी. लय झाल्या काय?”

माय, त्या वेळी मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बाईंनी बंद करायला सांगितलंच नव्हतं, एवढंच. तुझा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, “जाऊ दे. देवाची मर्जी.” तू मान हलवलीस. म्हणजे तुला कळलं की मी माफ केलं. मी तुला माफ केलं! तिसऱ्या दिवशी तू तेच मनात घेऊन गेलीस.

तुझ्या चंचीत मला तो लाल दोरा सापडला आणि चार घड्या घातलेली बाईंची चिठ्ठी. दोऱ्यावर एक गाठ, जोडगाठ, एक गाठ, जोडगाठ, अशी ओळ आहे. मग वीतभर दोरा रिकामा. मग शेवटी पाच गाठी, जवळजवळ, इतक्या घट्ट की नखाने सुटत नाहीत. मी सोडवायला जाऊन पाहिलं आहे. त्या गाठी कोणासाठी मारल्यास? तुझा हिशेब तुलाच द्यायचा होता, आणि मी तो चुकीचा मांडून दिला होता.

ती चिठ्ठी मी इतकी वर्षं कोणाला वाचायला दिली नाही. पेपरातली तीच गोळी निघाली तर मी बरोबर ठरत होतो. नाही निघाली तर? म्हणून घडीच उघडली नाही. पण नातीला डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी चंची खिशात घालून गेलो. तरुण डॉक्टर आहे. नातीला त्याने गोळ्या लिहून दिल्या, आणि ती बाहेर गेल्यावर मी चिठ्ठी त्याच्यासमोर ठेवली. कागद घडीवर फाटला होता, त्याने दोन्ही तुकडे जुळवून वाचले. म्हणाला, “बाबा, पेपरात आली होती ती गोळी वेगळी. ही नव्हे. ही साधी उलटीची गोळी, तिच्यातच एक व्हिटामिन. कोणी बंद केली?” मी म्हटलं, आठवत नाही. मग मी विचारलं, “डॉक्टरसाहेब, याच्या पाच गोळ्यांनी बाई मरते काय?” तो हसायला लागला, मग माझा चेहरा पाहून थांबला. म्हणाला, “नाही हो. पाच गोळ्यांनी कोणी मरत नाही. पाणी आटून, अन्न न जाऊन बाई मरते. वेळेवर आणली नाही तर मरते.” मी विचारलं, गोळी चालू राहिली असती तर वाचली असती काय? तो म्हणाला, तसं आता सांगता येत नाही. एवढं बोलून त्याने चिठ्ठी परत दिली.

तर तुला कळवायचं ते हे आहे, माय. तुझ्या पाच गोळ्यांनी ती गेली नाही. बाईंनी बंद करा म्हटलं नव्हतं. मी आतच गेलो नव्हतो. तू जे केलंस तेच बरोबर होतं, फक्त फार उशिरा आणि फार थोडं, आणि तेही माझ्यामुळे.

एवढं लिहून संपवायला हवं होतं. पण काल एक गोष्ट घडली. डॉक्टरने सांगितलं तरी माझी भीती काही जाईना. नातीच्या गोळ्यांचं पाकीट खिडकीत पाण्याच्या गडव्याजवळ असतं. पाच-सहा वेळा मी त्याच्यापाशी गेलो. एकदा तर ते खिशात घातलं आणि दारापर्यंत आलो, तोच हात, तीच सवय. मग परत ठेवलं. पण ठेवताना एक गोळी काढली आणि मीच खाल्ली. पाहू तर, विष आहे की काय. काही झालं नाही. झोप मात्र अशी आली की दुपारी पडलो तो दिवेलागणीलाच उठलो. इतक्या वर्षांत असा झोपलो नव्हतो.

उठलो तर घरात भांडण. नातीने गोळ्या मोजल्या, एक कमी. ती तिच्या आईला म्हणत होती, “आई, तूच पाडली कुठं तरी. तुले माहीत आहे ना गोळी चुकली का मले काय होते!” माझी पोर खाटेखाली वाकून हाताने फरशी चाचपत होती आणि म्हणत होती, “असंन वं, माझ्याच हातून पडली असंन.” बरोबर त्या खड्ड्याच्या जागी. मी अंथरुणावर बसून पाहत होतो आणि काही बोललो नाही. पोरीने आज सकाळीही झाडताना केरातून शोधली.

ती गोळी मी खाल्ली, हे आधी तुला सांगितलं. आता वही मिटतो आणि उठून पोरीला सांगतो. हे पत्र चंचीत, दोऱ्याजवळ ठेवीन, दुसरीकडे कुठे टाकू? तिथे तुझी आणि तुझ्या सुनेची भेट झाली असेल तर तिला पाच गोळ्यांचं सांग, आणि बाकीचं माझ्या नावावर सांग. ती काय म्हणाली ते मला लवकर कळव. जसं म्हणाली असेल तसंच कळव, माय, काही गाळू नकोस.